घर म्हणून साठवलेली जागा

तहसीनचं विमान माझ्या खोलीत वाढलं,
मिरजेत, अर्धवट सतारींच्या गर्दीत,
उलट्या टांगलेल्या भोपळ्यांखाली.
थर्माकोलचे पंख, पोटात काडेपेटीएवढा मेंदू,
आणि नाकाशी मी कोरलेला तुणाचा तुकडा,
कारण पुढं वजन कमी पडत होतं
आणि शिसं चिकटवायला माझा जीव होईना.

“मोटार कुठाय?”
“नाही मामू. फुगा वर नेणार, तिथं सोडणार,
मग हे आपलंआपण घरी येणार.”

पन्नास वर्षं मी वाद्यं लांब पाठवतोय.
आपलंआपण एकही आलं नाही.
आली ती तबली फुटून, पार्सलनं,
पोटात गवत भरलेली.

पहाटे बोळात जीप भरताना
पोरं सिलिंडरशी झटत होती.
विमान माझ्या मांडीवर.
एक बटण होतं. दाबलं.
निळा दिवा लुकलुकला, मग थांबला,
आणि दोन सूर वाजले, दुसरा किंचित उतरलेला.
मी तो खुंटी पिळून चढवला असता, पण खुंटी नव्हती.
लोकरीत गुंडाळून ठेवून दिलं. बोललो नाही.

आटपाडीच्या माळावर ऊन यायच्या आत
प्रज्योत गुरवनं हातात मोजे घालून फुगा धरला,
नव्या बाळाला धरतात तसा, मानेखाली हात.
परवानगीच्या कागदावर साडेसहा लिहिले होते,
साडेसहाला सोडला.
एक बोकड वर बघून ओरडला, बाकी सगळे गप्प.

“लहान दिसतोय,” मी म्हणालो.
“मोठा होतोय,” तहसीन म्हणाली.
“वर दाबणारं कोणी नसतं, म्हणून फुगत जातो.
शेवटी स्वतःच्याच मापानं फुटतो.”
हे मला दिवसभर पुरलं.

वीस किलोमीटरवर तापलेल्या तारेनं दोरा कापला.
स्क्रीनवरचा ठिपका पडला, सावरला, वळला,
आणि आमच्याकडे पाठ करून निघाला.
पोरं ओरडली. कोणी अँटेना फिरवली, कोणी देवाला हाक मारली.
तहसीननं आकडे वाचले,
पुन्हा वाचले,
आणि माझ्याकडे बघितलं.

“मामू, बोळात बटण कुणी दाबलं?”

त्याला पहिल्यांदा उपग्रह दिसले
ती जागा ते घर म्हणून साठवतं.
तिला वाटलं प्रज्योतनं चालू केलं,
प्रज्योतला वाटलं तिनं.

मिरज लांब होतं. समोरून वारं.
तासगावकडच्या डोंगराआड ठिपका विझला.

तिसऱ्या दिवशी सावळजहून फोन,
पंखावर चिकटवलेला नंबर बघून.
भूपाल अण्णांची द्राक्षबाग, काढणी तोंडावर.
अण्णा आधी रागावले, मग त्यांनीच शिडी आणली.

मांडवाच्या तारांवर ते आडवं पडलं होतं,
एक पंख मोडलेला, घड एकही तुटला नव्हता,
आणि तुणाचं नाक नैऋत्येला.
मी उन्हाचा अंदाज घेतला, हात लांबवून बघितलं,
नाकाच्या सरळ रेषेत आमचा बोळ, आमची मोरी,
दारात वाळत घातलेले भोपळे.

उतरवताना तार हातातून सुटली
आणि सगळी ओळ वाजली, शेवटच्या खांबापर्यंत,
जाड, जवारी न काढलेल्या तारेसारखी.
अण्णा म्हणाले, “वाऱ्यानं रोजच वाजते.”

त्या रात्री तहसीन मेमरीतलं सगळं पुसत होती.
चित्रं तिनं ठेवली: काळं आभाळ,
खाली कृष्णा, कुणी उसवून टाकलेला दोरा.
घराच्या आकड्यांपाशी येऊन थांबली.
“हे पुसू?”

मी पंखाचा सांधा सरसाच्या भांड्यात बघत होतो.
“सरस वाळू दे आधी,” म्हणालो.