नववा शिपाई

मार्गेटच्या मागच्या गल्लीत, मासळीच्या दुकानाच्या वर,
एनिड थॅकवेल शिपाई रंगवते.
बोटाएवढे. अस्वली टोप्या, लाल डगले,
बाराजणांची रांग, बाराही चेहरे एक,
कारखान्याची तशी ताकीदच आहे.

रस्त्यावरच्या माणसांना मात्र सूट:
भाजके चेस्टनट विकणारी बाई,
धुराडी झाडणारा पोर, त्याच्या नाकावर काजळी,
कुत्रं, शेपूट रंगवायची राहून गेलेलं.

जानेवारीत एक खोकं परत आलं.
चिठ्ठीत एवढंच: नववा समोर बघत नाही.

भिंग लावून तिनं पाहिलं.
खरंच की. बुबुळाचा ठिपका केसभर डावीकडे,
शेगडीकडे.

ब्रश धुतला. सुकवला.
नवा नववा पाठवून दिला.

जुना खिडकीत आहे,
चेस्टनटवालीपासून दोन बोटांवर,
बंदूक खांद्याला तशीच.