सराव परीक्षा, एकतिसावी

दुपारी दोनला बाळगोंडाकाका गच्चीवर येतात,
माझं ओळखपत्र उलटंपालटं करून बघतात
पासाची मुदत संपलीय की काय तसं,
मनगटावरचं घड्याळ काढून घेतात.
मग कळशीवर पेनानं टण् टण्.
डबल बेल. गाडी सुटली.

सांगली–जत त्यांनी अठ्ठावीस वर्षं केली.
आता विश्रामबागेत, एप्रिलच्या तापल्या पत्र्याखाली
मी एकटीच प्रवासी.
एकशेऐंशी थांबे, तीन तास.

बरोबरला चार, चुकीला वजा एक.
पहिल्याच दिवशी म्हणाले,
"म्हंजे चुकलं की वर सुट्टे द्यायचे."

भौतिकशास्त्राला इंजिन तापतं,
रसायनाला थोडा उतार.
प्रश्न एकशे बेचाळीस:
हृदयाचे ठोके कुठून सुरू होतात?
गेल्या वर्षी, खऱ्या पेपरात,
इथं मी भलताच गोल काळा केला होता.

मान वर केली.
काका स्टुलावर पेंगतायत.
बनियनच्या पट्ट्याजवळ, डाव्या खांद्याखाली,
मिरजेत बसवलेली चपटी डबी
कातडीला उचलून धरते.
मी गोल भरला.
आणि उगाच त्यांची छाती मोजत बसले,
वर, खाली, वर.
तेवढ्यात तीन प्रश्न न चढताच मागे राहिले.

पाचला टण्. एकच.
"किती सुट्टे?"
"बावीस."
वहीत रकाना आखून ते लिहितात, खाली सही करतात,
चष्म्यावरून बघतात:
"जत कधी यायचं गं?"
मी कळशीतलं पाणी ओतून त्यांना देते.