अजून खाली

त्रिमूर्तीनगरात खोली घेतली. तळमजला, भाडं सहा हजार.
देवाजी मिस्त्री म्हणाले, "ताई, उतार एका दिवसात करून देतो,"
आणि केली घसरगुंडी.
मी वरून तांब्याभर पाणी ओतलं:
पाहा भाऊ, कसं पळून राहिलं.
दुसऱ्यांदा त्यांनी उतार लांबवला,
थेट घरमालकाच्या तुळशीपर्यंत.
तुळस सरकली. घरमालक आठवडाभर बोलले नाहीत.

मे महिना. चाकांच्या कड्या तव्यासारख्या.
लोक डोक्याला ओला दुपट्टा बांधतात,
मी चाकांना.
कूलर मीच भरते, बावीस मग.
दूधवाला विचारतो, "घरी कोणी आहे का?"
मी दारातच असते.

रविवारी संध्याकाळी आई आली सक्करदऱ्याहून.
अंधारात भिंत चाचपत राहिली
वर, नेहमीच्या जागी.
"खाली, आई. अजून खाली."
ती वाकली. बटन सापडलं.
उजेडात तिनं सगळं पाहिलं: बुटका ओटा, बुटकी फळी,
हाताशी मिठाची बरणी.
"चहा मी टाकते," म्हणाली.
"तू बस."

घरात खुर्ची एकच.
आई पलंगाच्या काठावर बसली,
पिशवी मांडीवर,
पाहुणीसारखी.