नवा डबा, आवाज नाही

नागपूरहून वडशापर्यंत तो मांडीवरच होता,
मॉनिटर बाबाच्या, डबा माझ्या.
कंडक्टरनं त्याचं वेगळं तिकीट फाडलं.

खेळ चालू झाला. गवत हलतं, बंदूक हलते,
एक माणूस तोंड उघडतो, मिटतो,
आवाज नाही.

मोबाईल दुरुस्तीवाला खोमेश्वर म्हणाला,
कोडेक टाकावं लागन.
पेनड्राइव्हात आहे माझ्याकडे, पन्नास रुपये.
होस्टेलवरून डिम्पल नाकाडे म्हणाली, येडी आहेस का,
खेळ आपली शिदोरी बांधूनच निघतो,
कोडेक-बिडेक त्याच्याच पोटात असतं.
कोणाच्या पेनड्राइव्हातलं काही टाकू नको.

बाबा दारात उभा. "कोडेक म्हंजे काय वो?"
मी म्हटलं, आवाज फार जागा खातो,
म्हणून घडी घालून ठेवतात.
उलगडणारं कोणी लागतं.

बाबा वीस वर्षं नाटक कंपनीत साऊंडवर.
"आमच्या टायमाले पत्रा होता.
पत्रा हालवला का वीज.
करवंट्या आपटल्या का घोडा.
घडी त आमी बी घालत होतो,
एका पेटीत अख्खं जंगल जाये गावोगावी."

मग त्यानं डब्याची पाठ फिरवली,
माझ्या मोबाईलच्या उजेडात वायर चाचपली.
"गुलाबी माईकचं रायते, बाई."
उपसून हिरव्यात खुपसली.

खट्.
अन् गवत वाजायला लागलं.

खोमेश्वरले सांगू नको म्हणाला,
पोरगा धंदा करून रायला बिचारा.

रात्री मी हेडफोन त्याच्या डोक्यावर ठेवले.
मागून कोणी आलं का सांग,
दिसत नाही, ऐकूनच कळतं.
त्यानं डोळे मिटले,
विंगेत बसून एन्ट्रीची वाट बघायचा तसे.

सुक्या पाचोळ्यावर पावलं.
डाव्या वाटीतून बाहेर सांडत होती,
मलासुद्धा येत होती ऐकू.
"कोनी नाई," बाबा म्हणाला. "सामसूम हाये."

वीस हंगाम.
भोंगा नेहमी डाव्या खांद्याशी.

मी काही बोलले नाही.
हेडफोन काढले, उलटे घातले.
तो दचकला, माझा हात धरला,
"आला, आला वो! मांगून आला!"

तोवर आम्ही मेलो होतो. पडदा लाल.
उरलेली बाजू मी बघीन, म्हटलं.
बाबानं ऐकलं की नाही कोण जाणे,
वाट्या दोन्ही हातांनी घट्ट दाबून बसला होता.
"अजून एक बार," म्हणाला.