चाळीस धागे कमी

सोमवारी चोर्ल्याचा घाट उतरून भागी येडगे आली,
डोक्यावर पोतं, पोत्यात कातलेली लोकर,
काळी, मधेच करडी.
म्हणाली, घोंगडी विणून दे.
मी म्हटलं, बाई, हा सुताचा माग,
बाबांनी यावर तांबड्या चौकड्यांची लुगडी विणली,
लोकर यानं उभ्या जन्मात पाहिलेली नाही.
ती म्हणाली, वरचा सणगर वारला,
त्याचा मुलगा बेळगावात बस चालवतो.
आणि उंबऱ्यावर बसली,
म्हणजे आता उठणार नव्हती.

माग माटीच्या लाकडाचा.
त्याचा एक पाय वाळवीनं खाल्ला,
तिथे किंदळाचा तुकडा ठोकलाय,
तेव्हापासून तो डावीकडे कलतो,
एकाच कानानं ऐकणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.

चिंचोके भाजले, सोलले, रात्रभर भिजवले,
पाट्यावर वाटून खळ शिजवली.
केरीच्या अर्ध्या वाड्याला वास गेला.
सुलक्षणा कुंपणावरून विचारून गेली,
कसली खीर गं?

परसात सात खुंट्या, आठवी म्हणून पोफळ.
जाताना एक धागा, येताना दुसरा,
आणि दर फेरीला बोटांमधून सांधा,
वरचा खाली, खालचा वर.
तो निसटला की सगळं मुसळ केरात.
सूत सांगितलेलं ऐकतं.
लोकर शेजारणीचा हात धरते
आणि सोडत नाही.
भागी मागून चालत एकेक हात सोडवत होती,
न ओढता,
लेकराच्या मुठीतून खडा काढावा तसा.

मधेच थांबायची. चिमटीत धागा.
हा जाड आलाय ना, तेव्हा त्याला ताप होता.
हा बारीक बघ, एकसारखा,
हा उतारावरचा.
धुळू चालता चालता कातायचा,
चढाला धागा जाड, उताराला बारीक.
मग मीही बोटांनी घाट चढू लागले.
एका वळणावर खूप गाठी होत्या.
तिनं त्याचं काही सांगितलं नाही.

पहाटे धरणावरून धुकं आलं,
लोकर ते पिऊन बसली,
ताणा वीतभर लोंबला.
दुपारी उन्हानं इतका आखडला
की पोफळ कुरकुरली.
कुंच्यानं खळ चढवताना
मी दोनदा शिवी दिली, एकदा देवाचं नाव घेतलं.
कशाचा उपयोग झाला सांगता येत नाही.

फणीही सुताचीच, दात दाट.
एक भरायचा, दोन सोडायचे.
भरत गेले आणि पोतं संपलं.
चारशे हवे होते.
पुन्हा मोजले. तीनशे साठ.

माळ्यावर बाबांचं तांबडं सूत होतं, शेवटची लड.
ती काढून आणली.
सांगितलं, दोन्ही कडांना वीस-वीस घालते,
पण लोकर धुतली की आटेल, सूत आटणार नाही,
काठ चुणेल.
तिनं लड हातात घेतली, हुंगली,
म्हणाली, छान आहे.
परत दिली.
अरुंदच राहू दे. पांघरणार एकच जण.

साडेपाचच्या बसला ती गेली.
पोतं झटकून, चौघडी घालून, काखेत.
विणताना ये म्हटलं,
तर म्हणाली, म्हशी कोण बघेल?

ताणा तुरीवर चढवला, गाठी मारल्या,
फणीच्या कडांना वीस-वीस दात रिकामे.
सुताच्या ताण्याला टिचकी मारली
की तो वाजतो,
बाबा ते ऐकूनच सांगायचे, उद्या बसायचं की नाही.
याला मारली. वाजला नाही.
जरा थांबून पुन्हा मारली.
बोटाला मेंढराचं तेल लागलं.

दिवा मालवला,
सकाळी पाहिलं तर पांढऱ्या बटणावर
काळपट ठसा.
पुसायला फडकं घेतलं होतं.
त्यानं खिडकी पुसली.