फॉर्म सातशे

दौलतगंजात माझं घड्याळांचं दुकान. सहा फूट.
त्याआधी बावीस वर्षं महाराजपूरला
विमानांच्या डायली उघडायचो.
काम तेच. फक्त आता हात चुकला
तर कुणाची बस चुकते, एवढंच.

बिवलकरसाहेब शनिवारी येतात,
मुरारहून टेम्पोत बसून, गुडघे छातीशी घेऊन.
घड्याळ काउंटरवर ठेवतात.
"कानडे, दिवसाला चार सेकंद पुढे."
मी भिंग लावतो. घड्याळात काही नसतं.
चहा मागवतो.

उड्डाणाआधी फॉर्म सातशेवर सह्या व्हायच्या.
वर माझी: विमान ठीक.
खाली त्यांची. ती करताना ते म्हणायचे,
"बरं, बघू."

एका मे महिन्यात,
उन्हानं किल्ला पांढरा पडला होता तेव्हा,
सरनोबत रेडिओवर तीन आकडे बोलले.
वेग, उंची, वेग.
चौथा आला नाही.
आम्ही सगळे त्या खरखरीकडे बघत उभे,
जणू आवाज बघता येतो.

बारा दिवसांनी तोच वेग, तीच उंची गाठायला
हे गेले. दुसऱ्या विमानातून.
वरची सही माझीच होती.
ती करताना मी पेन दोनदा झटकलं,
शाई असूनही.

उतरले. शिडीवरच बसले.
लोक अशा वेळी देवाचं नाव घेतात.
ह्यांनी माझ्याकडे पेन्सिल मागितली,
त्यांची वर मोडली होती.
मांडीवरच्या कार्डावर लिहिलं:
कंप. उजवीकडून सुरुवात.
स्टिक सोडली की वाढतो. धरली की थांबतो.
आणि खाली, ठळक नाही, लहान नाही:
किंचित असमाधानकारक.

मी तेव्हा मनात त्यांना शिव्या दिल्या.
सरनोबतांची पोरगी तेव्हा रांगत होती.
किंचित?
पुढे कळलं, त्या कार्डावरून
सगळ्या विमानांच्या पंखांत एक वजन बसवलं,
मुठीत मावेल एवढं.
त्यानंतर त्या वेगाला कुणी गप्प झालं नाही.

परवाच्या शनिवारी साहेबांनी
घड्याळाशेजारी डावा हातही ठेवला.
काउंटरची काच वाजू लागली,
काचेखालचे पट्टे, काटे, चाव्या, सगळं.
"लिहून घे," म्हणाले.
"कंप. सेकंदाला पाच.
मोकळा सोडला की वाढतो.
काही धरलं की थांबतो."
आवाज तोच, शिडीवरचा.

काय बोलणार?
चावीचं एक जुनं घड्याळ होतं, मागचं झाकण नसलेलं,
ते मी त्यांच्या मुठीत दिलं.
त्याचेही ठोके सेकंदाला पाच.
हात थांबला. काच गप्प झाली.
बाहेर गजकवाल्याचा तराजू खणखणला.

पावती फाडली. त्यांनी सही केली.
अक्षरं पुढे पुढे बारीक होत गेली,
ब, मग त्याहून लहान व,
शेवटचा र तर ठिपकाच,
धावपट्टीवरून दिसायचा तसा.
त्यावरची जागा दुकानदाराची.
मी ती कोरी ठेवली.

त्यांनी बघितलं. त्यांना दिसतंच.
"बरं, बघू," म्हणाले
आणि पाच चाळीसच्या टेम्पोला निघाले.

स्वतःचं घड्याळ काउंटरवरच राहिलं.
मी रेडिओच्या वेळेशी लावून शेजारी ठेवलं.
आज सहावा दिवस.
चोवीस सेकंद पुढे आहे.