केवळाबाईचं मत

वसमतच्या टॉकीजात बावीस वर्षं
लेडीज दरवाज्यावर मी तिकीट फाडलं.
अर्धं बाईच्या हातात, अर्धं माझ्या डब्यात.
आता तू इचारायलीस मनून सांगते,
नाहीतर दारावरच्या बाईला कोण इचारतं
सिनेमा कसा हाय ते.

एक ध्यानात धर:
एकाबी सिनेमाची सुरुवात मी पाहिली नाही.
उशिरा येणाऱ्या बायका, कडेवरची लेकरं,
खुर्चीवरून लागलेली भांडणं,
हे सगळं निपटून मी आत टेकायचे
तवर हिरोची माय मरून गेलेली ऱ्हायची.

मनून माझं मत आसं, की
हिरो म्हंजी उशिरा येणारा माणूस.
राबतो तो खलनायक.
त्याचा अड्डा बघ कसा चकाचक,
लाल दिवे, भिंतभर नकाशा, मगरीचा हौद,
चाळीस माणसं पगारी.
त्यातल्या एकानंबी पगार थकला मनून
कुरकुर केलेली मी ऐकली नाही.
आमच्या मालकानं माझे सात महिने बुडवले
अन् गावात हिंडायचा हिरोवानी, पांढरे बूट घालून.

आणिक एक.
खलनायक आधी मोठ्यानं हसतो,
मग आपला बेत सांगून टाकतो,
सगळा, पत्त्यासकट, टाइमासकट.
आसा इमानदार माणूस
मोंढ्यातल्या सभेत एखादा दाखव मला.

सभेचं माझं उलटं हाय.
हार, शाल, नारळ, "मी तुमचाच लेक",
एवढं ऐकलं की भाकरी टाकायला उठायचे.
मनून कोणतं भाषण कुठं जाऊन संपतं
मला ठाऊक नाही.
सिनेमाचे शेवट अन् भाषणाच्या सुरुवाती,
एवढ्या शिदोरीवर मी आजवर मत देत आले.
दोन्हीकडं माणूस गोडच दिसतो, बाई.

तुझ्या मोबाईलातलं ते नाचणं मात्र मला पटतं.
तीस सेकंदात खलास.
त्याला ना सुरुवात, ना शेवट.
दारावरच्या बाईच्या सोयीचं.

मागल्या दिवाळीला जलीलच्या रद्दीत
एक चित्राचं पुस्तक घावलं.
अर्ध्या तोंडाचा, हिरव्या कातडीचा खलनायक,
शहराचं पाणी इकायला निघालेला.
शेवटची पानं फाटलेली.
पण पहिलं पान होतं.
पहिल्या पानावर तो नऊ-दहा वर्षांचा,
बंद फाटकाबाहेर उभा.

पुस्तक मिटलं मी. च्या उतू गेला.

दहाच्या वरचं पोरगं लेडीजमधी सोडायचं नाही,
मालकाचा नियम.
एक आलं होतं, लाल स्वेटर,
मायचा पदर धरून.
मी त्याचा हात सोडवला. माय आत गेली.
तीन तास ते भिंतीला कान लावून बसलं,
नुसत्या आवाजाचा सिनेमा.
शेवटी खलनायक हसला तसं
बाहेरून तेबी हसलं, तसंच, घोगरं.
मला तव्हा गंमत वाटली.

आता बॅनरवर दात काढलेलं तोंड दिसलं
की मी वय मोजते.
पन्नाशीचं आसंल तर थांबते जरा.

टॉकीजात आता हळदीची पोती हायत.
पडदा कोणी काढलाच नाही,
ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापोतूर पिवळा.
मी गेले होते परवा, जलीलसंगं.
शिंका आल्या निस्त्या.
हमाल मनला, मावशी, काय बघायलीस?
मी मनलं, सुरुवात.
त्याला काही कळलं नाही, अन् मलाबी नाही.

मतदानाला मात्र गेले. जातेच मी.
बोटाला शाई लावून घेतली, मशिनीचं बटण दाबलं,
कुई झालं.
मास्तरला मनलं, साहेब, आमच्या टॉकीजात
अर्धं तिकीट गिऱ्हाइकाला परत मिळायचं.
मधीच उठून बाहेर गेलं तर
ते दाखवून परत आत येता यायचं.
हितं काय देता?

तो हसला.
मोठ्यानं नाही.